काळी सरकी

लोहाऱ्याच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी हजेरीवर लागले तेव्हा पहिले आठ दिवस मला तिथल्या बायकांचे फक्त डोळे ओळखू येत होते. त्या कापसाच्या ढिगाशी बसून दिवसभर कवडी वेचायच्या, म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस चांगल्यातून वेगळा काढायच्या. यंत्रं सुरू झाली की हवेत रुईचे तंतू इतके उडत, की नाकातोंडावर फडकं आवळून बांधल्याशिवाय तिथे बसवत नसे. मी रजिस्टर घेऊन फिरायची, मोठ्यानं एकेक नाव घ्यायची आणि फडक्याच्या वरचे दोन डोळे उचलले जायचे. तेवढीच हजेरी. यंत्रांच्या आवाजात तोंडानं ओ दिलेली ऐकूच येत नसे.

गिरजाबाईचे डोळे मात्र मी नाव घ्यायच्या आधीच माझ्यावर असायचे. मला ते आवडत नसे. आमच्या घरात दोन पिढ्या यवतमाळच्या कचेऱ्यांमध्ये गेलेल्या. असं कुणी एकटक पाहिलं की आपल्या कागदात काहीतरी चुकलंय असंच वाटायचं. चौथ्या की पाचव्या दिवशी जेवणाचा भोंगा झाल्यावर तिनं फडकं सोडलं, मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "ताई, घरी वाजलं काय कोनाशी?"

वाजलं होतं. त्याच सकाळी वडिलांशी. बी.कॉम. झालेली मुलगी सरकारी जागेची वाट पाहायची सोडून जिनिंगमध्ये मजुरांची हजेरी मांडते, हे त्यांना खपत नव्हतं. मी गिरजाबाईला नाही म्हटलं. ती "बरं" म्हणाली आणि भाकरी खायला निघून गेली. माझं खोटं तिला कळलं होतं आणि तिला कळलंय हे मलाही कळलं होतं, पण तिनं ते माझ्या पदरात घातलं नाही. त्या दिवसापासून तिची भीती वाटेनाशी झाली.

ती तेव्हा पन्नाशीला आलेली होती. उंच, वाळकी, कपाळावर हिरवं गोंदण. मूळची बाभुळगावकडच्या कुठल्याशा खेड्यातली. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली तेव्हा एक पेटी घेऊन ती लोहाऱ्याला आली आणि एका खोलीत राहू लागली, एवढंच मला माहीत होतं, आणि तेही कांताबाईनं सांगितलेलं. कांताबाई म्हणजे तिच्या शेजारी बसणारी, जाडजूड, सदा हसणारी बाई. गिरजाबाई स्वतः आपल्याविषयी काही बोलत नसे. सोमवारी जिनिंग बंद असे, तरी ती फाटकापर्यंत येऊन चौकीदाराशी दोन शब्द बोलून परत जाई. मी एकदा विचारलं, सुट्टीच्या दिवशी कशाला येता? तिनं सरळ उत्तर दिलं, "घरी कोनाचं तोंड पाहू, ताई? भिंतीचं?"

मी लागले त्याच हंगामात त्यांचा खेळ सुरू झाला. खेळ चोर-शिपायाचाच, आपण शाळेत चिठ्ठ्या टाकून खेळतो तो. पण त्या आठ जणींत सहा जणींना वाचता येत नव्हतं, म्हणून गिरजाबाईनं चिठ्ठ्यांच्या जागी सरकी आणली. सरकीचे आठ दाणे. एक कुंकवात लाल केलेला, तो शिपाई. एक चुलीत काळा केलेला, तो चोर. बाकीचे सहा साधे. दाणे रिकाम्या डब्यात हलवायचे, प्रत्येकीनं न पाहता एक उचलायचा आणि मुठीआड आपला आपण पाहायचा. जिला लाल दाणा आला तिनं तो सगळ्यांना दाखवायचा. मग तिनं उरलेल्या सात जणींना एकेक प्रश्न विचारायचा आणि काळा दाणा कुणाच्या मुठीत आहे ते सांगायचं. बरोबर निघालं तर चोरानं फाटकाजवळच्या नळावरून सगळ्यांसाठी दोन घागरी पाणी आणायचं. चुकलं तर शिपायानं.

पहिल्या हंगामात गिरजाबाई सारखी पाण्याला जाई. लाल दाणा हाती आला की ती अगदी परीक्षेला बसल्यासारखी होई. एकेकीसमोर उकिडवी बसे, तिच्या तोंडाजवळ तोंड नेई, प्रश्न विचारून झाल्यावर पुन्हा पहिलीपासून सगळ्यांना पाहून घेई. कपाळावर घाम येई. कांताबाई ओरडायची, लवकर सांग, भोंगा होईल. एका डावात जेवणाची अर्धी सुट्टी संपे आणि शेवटी ती भलतीकडेच बोट दाखवी. मग सगळ्या हसत आणि गिरजाबाई घागरी उचलून चालू लागे. चिडत नसे. पण पाण्याला जाताना ती तोंडातल्या तोंडात काही बोलत जाई. कुणी कुठल्या प्रश्नाला काय केलं, हे ती स्वतःलाच सांगत असे, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

स्वतः चोर झाली की तिची आणखी वाईट गत. एरवी कामापुरतं बोलणारी ती बाई चोराचा दाणा हातात आला की बडबड करायला लागे. कांताबाईच्या लुगड्याचं कौतुक कर, माझ्या बांगड्यांना हात लाव. कुणाला शोधावंच लागत नसे.

पण ती शिकत होती. दिवसभर कवडी वेचता वेचता तिचे डोळे बाकीच्या सात जणींवर फिरत असत. कांताबाईला काही लपवायचं असलं की ती जास्त हसते, एक जण उजव्या पायाचा अंगठा जमिनीत रोवते, दुसरी कान खाजवते. सगळ्यांची तोंडं बांधलेली असताना डोळ्यांवरून काय ओळखता येतं ते तिनं तिथेच गोळा केलं. हे तिच्या दृष्टीनं काम नव्हतं. माणसांत बसून माणसं पाहायला मिळत होती, एवढंच तिला पुरत असावं.

दुसऱ्या हंगामात एक जण बाळंतपणाला गेली आणि आठवी कमी पडत होती, तेव्हा त्यांनी मला बसवलं. हातातला दाणा पाहिला, काळा. मी चेहरा अगदी कोरा ठेवला. लाल दाणा गिरजाबाईकडे होता. तिनं मला प्रश्नसुद्धा विचारला नाही, नुसतं म्हणाली, "ताईजवळ हाय." मी मूठ उघडली. कसं ओळखलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "तुमी श्वास घ्याचा इसरल्या ना."

माझ्या दोन घागरी तीच घेऊन आली. हजेरीच्या बाईला सगळ्यांसमोर पाणी भरायला लावणं तिला बरं वाटलं नाही.

तिसऱ्या हंगामापर्यंत खेळ पार बदलला होता. लाल दाणा आला की गिरजाबाई कुणाकडे नीट पाहतही नसे. भाकरीचा घास मोडता मोडता नाव सांगून टाके, आणि ते बहुतेक वेळा बरोबर असे. चोर झाली तर तिच्या तोंडावर काहीच नसे. साधा दाणा आल्यावरही तेच आणि काळा आल्यावरही तेच. एकदा मी तिला विचारलं, आता पूर्वीसारखी मेहनत दिसत नाही तुमची. ती म्हणाली, "पयले म्या तोंड पाहो. तोंड साऱ्याईले सांभाळता येते. मंग हात पाहो. आता काही पाहत नाही, नुसतं समजते."

हे सांगताना ती खूश नव्हती. एका सुट्टीत आता पाच-पाच डाव होत, पण हसणं कमी झालं होतं. बाकीच्याही तरबेज झाल्या होत्या; आधी घाम फुटायचा, धांदल उडायची, तीच तर मजा होती. कांताबाई एकदा म्हणाली, गिरजाबाईला लाल दाणा आला की डाव सुरू व्हायच्या आधीच संपतो. ते थट्टेत होतं, तरी गिरजाबाई त्यानंतर दोन दिवस खेळायला बसली नाही. बाजूला बसून नुसती पाहत होती. बायकांनीच तिला हाताला धरून परत आणलं.

ती कापसाची पडती वर्षं होती. कधी पाऊस दगा द्यायचा, कधी बोंडअळी, आणि पिकलं तर भाव नसायचा. आमच्या आवारातले ढीग दर हंगामाला ठेंगणे होत होते. पूर्वी दिवाळीपासून मार्चअखेरपर्यंत चालणारी यंत्रं आता फेब्रुवारीतच थांबायची. बायका त्या ढिगाकडे पाहून आपले किती दिवस उरले त्याचा अंदाज बांधत. ह्याच सुमाराला एक जण नवऱ्याबरोबर नागपूरला गेली आणि तिच्या जागी सोमी आली.

सोमी झरी जामणीकडची, कोलाम आदिवासींची पोर. तिचा नवरा गाठी बांधायच्या प्रेसवर हंगामापुरता लागला होता आणि दोघं आवारातच पत्र्याच्या खोलीत राहत. दोन वर्षांचं लेकरू त्यांनी सासूजवळ गावाकडे ठेवलं होतं. सोमीला मराठी थोडीशीच येई. हजेरीला ओ दिल्यासारखी मान हलवायची आणि खाली पाहून वेचत राहायची. तिचा हात सगळ्यांत चपळ होता.

खेळात बायकांनी तिला पहिल्याच आठवड्यात ओढून घेतलं. आणि गिरजाबाई हरायला लागली. सोमीजवळ काळा दाणा असला की गिरजाबाई दुसरीचंच नाव घेई, आणि नसला की सोमीचं. सोमीला प्रश्न विचारला तर ती तोच चेहरा करी, डोळे खाली, ओठ मिटलेले. तिला प्रश्न कळला की नाही तेही कळत नसे. बायकांना मोठी गंमत वाटली, पुष्कळ दिवसांनी गिरजाबाई पाण्याला जात होती. मला मात्र तेव्हाच एक गोष्ट जाणवली. गिरजाबाईला चोर ओळखता येत नव्हता. तिला त्या जुन्या सात जणी ओळखता येत होत्या. मी हे तिला बोलले नाही. बोलायला हवं होतं, असं मला पुढे कितीतरी वेळा वाटलं.

फेब्रुवारीतली गोष्ट. आमच्या सुपरवायझरचं मनगटी घड्याळ हरवलं. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं. हात धुवायला जाताना ते टेबलावर काढून ठेवायची त्यांना सवय होती, आणि ऑफिसच्या खोलीचं दार बायकांच्या बसायच्या जागेसमोरच होतं. सुपरवायझर तसे वाईट नव्हते, पण त्या दिवसांत त्यांच्यावरही मालकाचा दाब होता. कापूस येईना, माणसं कमी करा, असं रोज चाललेलं. त्यांनी आठही जणींना उठवून ओळीत उभं केलं आणि सांगितलं, घड्याळ मिळालं नाही तर उद्यापासून आठही जणी घरी.

यंत्र बंद केलेलं होतं, त्यामुळे तिथे कधी नसायची अशी शांतता झाली. मग ओळीतून कांताबाईच म्हणाली, "गिरजाबाई, तू सांग ना. तुले समजते."

सुपरवायझरना खेळ माहीत होता. ते गिरजाबाईकडे वळले. "तू पाहून चोर सांगतेस म्हणे. सांग मग."

गिरजाबाई जागची हलली नाही. तिनं तोंडावरचं फडकं सोडलं आणि बाकीच्यांनाही सोडायला सांगितलं. एका टोकापासून तिनं पाहायला सुरुवात केली. मी रजिस्टर छातीशी धरून खांबाजवळ उभी होते. प्रत्येकीपाशी तिची नजर क्षणभर थांबली असेल, तेवढ्यात पुढे. पहिल्या हंगामात एका डावाला अर्धी सुट्टी घालवणारी तीच ही बाई. सोमी शेवटी होती. पडलेला चेहरा, एक हात कमरेला घट्ट धरलेला. गिरजाबाई म्हणाली, "हे पोरगी."

सोमीनं मान वर केली. काय झालं ते तिला उमगायला थोडा वेळ लागला. सुपरवायझरनी कांताबाईला तिची झडती घ्यायला लावली. कमरेच्या ओच्यातून घड्याळ निघालं नाही, निघाली ती दोन मुठी रुई. सोमी तुटक मराठीत काहीतरी सांगत होती, लेकरू, उशी, एवढे दोन शब्द मला लागले. सुपरवायझर म्हणाले, रुई चोरते ती घड्याळही चोरते. त्यांनी ती रुई ढिगावर फेकली. संध्याकाळच्या आत सोमी आणि तिचा नवरा पेटी-भांडी घेऊन फाटकाबाहेर पडले. तिचं नाव हजेरीतून मी माझ्या हातानं कापलं.

बाकीच्या सात जणींचं काम वाचलं. दुसऱ्या दिवशी कांताबाईनं गिरजाबाईसाठी तिळाची पोळी आणली होती.

पाचव्या दिवशी मी टेबलाच्या खणातले जुने कागद आवरत होते. खण अडकत होता, म्हणून पूर्ण ओढून बाहेर काढला. मागच्या फटीत घड्याळ पडलेलं होतं. चालू होतं. मी ते सुपरवायझरना नेऊन दिलं. त्यांनी ते मनगटावर चढवलं, माझ्याकडे न पाहता म्हणाले, कुणाला सांगत बसू नका आता, झालं ते झालं. मी मान डोलावली. मला ती नोकरी हवी होती.

पण दुपारी गिरजाबाईसमोर मला उभं राहवेना. ती विचारायच्या आतच मी तिला बाजूला नेऊन सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पुन्हा एकदा विचारलं, खणामागं? मी हो म्हटलं. तिनं डब्याचं झाकण लावलं, बायका बसल्या होत्या तिथे जाऊन उभी राहिली आणि साध्या आवाजात सांगितलं, "सोमीनं घड्याळ नोयतं घेतलं. घड्याळ सापडलं. म्या खोटं सांगतलं."

कांताबाईनं विचारलं, तुला कुणी सांगितलं? गिरजाबाई म्हणाली, समजलं मला. माझं नाव तिनं घेतलं नाही, तेव्हाही नाही, आणि नंतर सुपरवायझरनी चौकशी केली तेव्हाही नाही. तिला काही समजलं म्हटल्यावर कुणालाही ते पटण्यासारखं होतं.

नंतर एकदा ती माझ्याशी त्याविषयी बोलली. काम सुटल्यावर आम्ही फाटकाकडे चाललो होतो. "सात जनी नोयत्या, हे मले पक्कं ठाऊक होतं, ताई. ते खरंच निंगालं. मंग राह्यली ते चोर, असं म्या धरलं. आपल्या खेळात एक दाना काळा असतेच. तिथं काळा दाना नोयताच, हे माह्या डोक्यात आलंच नाही."

मी म्हटलं, तिचा चेहरा पडलेला होता, कुणालाही तसंच वाटलं असतं. ती म्हणाली, पडलेला होताच, रुई घेतली होती ना तिनं. लेकराच्या उशीसाठी घेतली होती. "ते भेली होती, हे बरोबर पाह्यलं म्या. कायले भेली, ते नाही पाह्यलं."

पुढच्या सोमवारी ती पहाटेच्या गाडीनं पांढरकवड्याला गेली, तिथून झरीला, आणि झरीहून पायी. सोमीच्या गावाचं नाव मी जुन्या हजेरीतून काढून दिलं होतं. मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाली. गादीवाल्याकडून रुई आणून तिनं जुन्या लुगड्याची एक लहानशी उशी शिवली होती, ती पिशवीत घेतली. दुसऱ्या दिवशी ती कामाला आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा हजेरीला तिचे डोळे माझ्यावर नव्हते. खाली होते.

दुपारी तिनं सांगितलं ते असं. सोमी आणि तिचा नवरा लोहाऱ्याहून गावाला गेले आणि दोन दिवसांतच आंध्रात मिरची तोडायला निघून गेले होते. घरी सासू होती आणि लेकरू होतं. सासूला मराठीचा शब्द येत नव्हता आणि गिरजाबाईला कोलामीचा. गिरजाबाईनं उशी दिली. हातवारे करून घड्याळ दाखवलं, मग नाही म्हणून हात हलवला, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. पुन्हा पुन्हा केलं. म्हातारीनं पाणी दिलं, कोरा चहा दिला. अंधार पडायला आला होता, तर झोपायला घोंगडीही दिली. सकाळी वाटेपर्यंत सोडायला आली.

"म्हातारीले समजलं का नाही समजलं," गिरजाबाई म्हणाली, "तिच्या तोंडावरून मले काहीच कळलं नाही, ताई. लई पाह्यलं म्या. रातभर पाह्यलं."

हंगाम तसाच संपला. पुढच्या दिवाळीनंतर जिनिंग महिनाभर उशिरा सुरू झालं आणि बायका पाचच घेतल्या. गिरजाबाई त्यांत होती, कांताबाईही होती. कांताबाईनंच एक दिवस डबा पुढे ओढून खेळ मांडला. पाच तर पाच. गिरजाबाई बसली. लाल दाणा तिच्याकडे आला तेव्हा ती पूर्वीसारखी, म्हणजे अगदी पहिल्या हंगामातल्यासारखी, एकेकीसमोर जाऊन बसली. प्रश्न विचारले. सगळ्यांना पुन्हा पाहून घेतलं. मग उठली आणि घागरी उचलल्या. म्हणाली, मला नाही सापडला.

तिला सापडला होता. काळा दाणा कांताबाईकडे होता आणि कांताबाई इतकी हसत होती की मलाही कळलं होतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. कांताबाईनं शेवटी रागावून विचारलं, नाव घ्यायचं नाही तर खेळतेस कशाला? गिरजाबाई घागरी घेऊन नळाकडे निघाली. ती खरंच खेळायला बसत होती, असं मला वाटतं. फक्त बोट दाखवणं तिच्यानं होत नव्हतं. पण शिपाई कुणाला पकडतच नाही म्हटल्यावर चोराला तरी काय मजा? आठवड्याभरात खेळ बंद पडला. सुट्टीत बायका जोडीजोडीनं बसून आपापलं बोलू लागल्या. पाच होत्या, त्यामुळे एक उरायची.

मी तिच्याजवळ जाऊन बसायची कधी कधी. माझ्या चेहऱ्याकडे ती पाहत नसे आता. एकदा मला ताप होता, डोळे लाल झाले होते, उभं राहवत नव्हतं. एरवी तिनं फाटकातूनच ओळखलं असतं. त्या दिवशी मी सांगितल्यावर ती दचकली, माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, हो, ताप हाय.

त्याच वर्षी मला सरकारी जागा लागली आणि मी जिनिंग सोडलं. निरोप घ्यायला गेले तेव्हा तिनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला, सुखी राहा म्हणाली. पुढच्या हंगामानंतर जिनिंग बंदच झालं. यंत्रं विकली गेली, बायका कुठे कुठे पांगल्या. कांताबाई एकदा बाजारात भेटली होती, तिनं सांगितलं, गिरजाबाई तिथेच आहे, त्याच खोलीत, कुणाकडे जात नाही.

मी तिला शेवटचं पाहिलं ते यवतमाळच्या बसस्थानकावर, चार-पाच वर्षांनी, एका सकाळी. मीच ओळखलं. ती फार वाळली होती आणि केस पांढरे झाले होते. हातात कापडी पिशवी. कुठे निघालात म्हणून विचारलं. म्हणाली, झरीला.

मला वाटलं होतं ते प्रकरण तेव्हाच संपलं असेल. पण ती दरवर्षी एकदा जात होती. दुसऱ्या वर्षी सोमी भेटली, असं तिनं सांगितलं. घरातच होती. "म्या तिले सांगतलं, माही चूक झाली. ते हासली आन शेतात चालली गेली. कायले हासली, मले नाही समजलं." त्यानंतर सोमी कधी असते, कधी नसते. म्हातारी असते.

मी विचारलं, म्हातारी वाट पाहते का तुमची? "काय माहीत," ती म्हणाली. "चहा देते."

गाडी लागली. लोक धावले. गिरजाबाईनं पिशवी सावरली आणि मला विचारलं, "ताई, हे गाडी पांढरकवड्याचीच व्हय ना?" मी पाटी वाचली आणि हो म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पुढे जाऊन तिनं ड्रायव्हरला विचारलं. चढताना दारात कंडक्टरला विचारलं. आत जागा मिळाली तेव्हा ती शेजारच्या बाईकडे वळून काही बोलली आणि त्या बाईनं मान हलवली. तरी गाडी सुटली तेव्हा ती अर्धवट उठून पुढच्या सीटवरच्या माणसाला काहीतरी विचारत होती.